थोरलीच्या नावची ववी

राही शहाणी हुती असं मी कुनाला सांगनार न्हाई. येडीच हुती. पर असली येडी बाई आमच्या माणदेशात दुसरी झाली न्हाई, हे मातूर मी सुगराबी, इमाम पिंजाऱ्याची बायको, छातीवर हात ठिवून सांगते. भिंतीला भिंत लागून आमची घरं. माझं जातं फुटलं तवापासनं मी तिच्याच जात्यावर दळायला जायची. समोरासमोर बसायचं, एक खुटा दोघींनी धरायचा. तिचं जे काय झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

म्हसवडच्या अलीकडं, माणगंगेच्या काठाला आमचं गाव. राहीचा नवरा ज्ञानू, त्याची पयली बायको अंबू. लय गोड गळ्याची. पोराला, कृष्णातला, मांडीवर घेऊन दळायची आन त्याच्यावर ववी रचायची. गल्लीतल्या बायांना तिच्या वव्या पाठ हुत्या. पोरगं पाच वर्सांचं झालं आन अंबू तापानं गेली. ज्ञानू पलटनीतला गडी. त्यानं फलटनकडची राही करून आनली. लग्नात तिच्या गळ्यात थोरलीचा चांदीचा टाक बांधला, मेलेल्या सवतीचा मान असतो तो, आन सुट्टी सपली म्हनून हा बाबा गेला निघून. पाठोपाठ लढाई लागली.

घरात ऱ्हायली सोळा वर्सांची राही आन तिच्या सावलीला बी न थांबनारं पोरगं. ती हाक मारायची, "ये रं राजा," की हे भायेर. दिवसभर आमच्या कापसाच्या ढिगात लोळायचं. तिला मावशी म्हनायचं, ते बी कुनी दटावलं तर. बाया म्हनायच्या, हुईल सवय. कशाची सवय? राही भाकरी थापता थापता रडायची आन धूर लागला म्हनून डोळं पुसायची.

पहाटंचं दळन म्हंजे अर्धं सपानच असतंय. दिवा इवलासा, जात्याची घरघर, हात आपलं फिरत असतात आन मानूस कुटं तरी लांब गेलेलं असतं. अशाच एका पहाटं माझ्या तोंडात सवयीनं अंबूची ववी आली.

दारात सांडली, जवारी मूठभर
कृष्णात बाळ माझं, रांगतं तिच्यावर

आतनं पावलं वाजली. पोरगं घोंगडीवरनं उठून आलं. डोळं मिटलेलंच. झोपंतच राहीच्या मांडीवर डोकं टेकलं आन गप झोपलं. पीठ उडून त्याच्या केसावर बसत हुतं. राही हलली न्हाई. मी थांबाय लागले तर डोळं मोठं करून म्हनली, "भाबी, तुमच्या पाया पडते, थांबू नगा."

त्या दिवसापासनं माझ्या मागं लकडा. अंबूची अजून एक सांगा, अजून एक सांगा. सांगितल्या बाबा. जेवढ्या ठाव्या हुत्या तेवढ्या समद्या तिला दिल्या. तिचा गळा काय अंबूसारखा न्हवता, जरा घोगराच, पर पोरगं रोज पहाटं यायचं, मांडीवर डोकं ठिवायचं आन अर्धवट झोपंत इचारायचं, "ही माझ्या आईची?"

"व्हय रं, तुझ्या आईची," राही म्हनायची.

आता घोळ बघा. अंबूनं पोरगं पाच वर्सांपातूर बगितलेलं. तिच्या वव्यांत ते रांगतं, दुडूदुडू पळतं, दुधासाठी हट करतं. आन हितं त्याचं दात पडाय लागलं. ववीतलं लेकरू वाढत न्हाई हो. गानारी जितं थांबली तितंच ते ऱ्हातं. एक दिवस पोरगं मांडीवरनं उठलं आन फुरंगटून म्हनलं, "मी काय अजून रांगतोय व्हय?" गेलं आत. दुसऱ्या दिवशी आलं न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. राहीच्या जिवाचं पानी पानी झालं. पीठ जाडंभरडं पडाय लागलं, मी बोंबलले, तरी तिचं ध्यान न्हाई.

आन मग एका पहाटं, मान खाली घालून, ती गायली. मी कवाच न ऐकलेली.

पाटी घेऊन हातात, निगाला साळंला
कृष्णाताची टोपी बाई, दिसती माळाला

पोरगं दारात येऊन हुबं. "ही कुनाची?"

राहीनं माझ्याकडं बगितलं. "तुझ्या आईचीच की," ती म्हनली. पोरगं आलं, टेकलं.

ते झोपल्यावर मी तिला धारंवर धरलं. "अगं भवाने! अंबू गेली तवा ह्यानं साळंचं दार तरी बगितलं हुतं का? तुजी ववी तुजी म्हन की! मेलेलीच्या नावावर का खपवतीस?"

"माजी म्हनलं तर उठून जाईल, भाबी."

घातलं तोंडाला कुलूप. माझ्यासारखीच्या तोंडाला! इमामला सुदीक बोलले न्हाई.

मग काय, दर सालाला नव्या वव्या. नदीत पवायला शिकला त्याची. सिद्धनाथाच्या जत्रंत हरवला आन सापडला त्याची. लढाई सपून ज्ञानू घरी आला, तवा एवढ्या मिशीवाल्या बापाला बघून पोरगं माझ्या घरात दडलं, त्याची बी. मांडीवर डोकं ठिवायचं वय गेलं, तवा ते जात्याशेजारच्या खांबाला टेकून डोळं मिटून बसाय लागलं. मिसरूड फुटलं, त्याची बी ववी झाली. इचारायचं मातूर रोज. "आईची?" आन राही रोज, "व्हय." राग यायचा मला. खरंच यायचा. समदं बाळपन हिनं गायलं, आन बाया म्हनायच्या, अंबू काय देवाघरची बाई, पुढचं समदं आदीच गाऊन गेली! राही ऐकून हसायची. मला तिचं हसनं बगवायचं न्हाई.

स्वराज्य आल्यावर दोन वर्सांनी कृष्णातचं लगीन ठरलं. हळद दळायला बाया जमल्या. जात्याला सूत बांधलं, खुट्याला आंब्याचा डहाळा. ज्ञानूची थोरली बहीण बनुबाई, लय मानाची आन लय तिखट, ती म्हनली, "पयली ववी आईची. आई न्हाई, तर तिची म्हना. राही, तुला येत्यात न्हवं अंबूच्या?"

राहीनं मान डोलावली. खुटा धरला. एवढ्या बायांत तिला काय वाटलं असंल ते तिलाच ठावं. तिनं सुरू केलं, दारात सांडली, जवारी...

कृष्णात पाटावरनं उठला. आला आन त्यानं जात्यावर हात ठिवला. जातं थांबलं.

"ही नगं, मावशी. मिसरूडाची म्हन."

राहीचं तोंड पांढरंफटक. "ती बी... ती बी तुझ्या आईचीच हाय."

"ती गेली तवा मी पाच वर्सांचा हुतो," कृष्णात म्हनला. "माजं मिसरूड कुनी बगितलं?"

बनुबाईचं तोंड उघडं ते उघडंच.

"तुला कवा कळलं रं?" राहीनं इचारलं.

"साळंच्या ववीलाच."

"मग रोज इचारत का हुतास?"

त्यानं मान खाली घातली. एवढा थोरला गडी, पर त्या घडीला पुन्हा तसाच दिसला, झोपंतनं उठून आलेला. "मला कळलंय असं तुला कळलं असतं, तर तू गायची थांबली असतीस."

या अल्ला! दोघंबी इतकी वर्सं एकमेकाला भिऊन ऱ्हायली, आन मी शहाणी मधी बसून दळत हुते! मी पदरात तोंड घालून रडले. आज सांगाय लाज न्हाई, हुंदकं देऊन रडले. बनुबाईनं नाक पुसलं आन राहीवर खेकसली, "अगं म्हन की आता! हळद काय आपआप दळायची हाय?"

राहीनं खुटा फिरवला.

मिसरूड फुटलं, आरशाला कळलं
लेकरू माजं बाई, कवा गं वाढलं

गळा घोगराच. दुसऱ्या ओळीला तर पार चिरकला. पर मान खाली न्हवती. तिनं पोराच्या डोळ्यात बघून गायलं.