सकाळी अकराची सही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही. परतूरला सरकारी ऑफिसात कारकून आहे, खोट्या सह्या पकडायची सवयच लागलीय... तरी हे सांगतेय.

जालन्याच्या एका दवाखान्यात माझी वहिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. भाची सव्वा किलोची, काचेच्या पेटीत. तिसऱ्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, "अंगात जंतूंशी लढायची ताकदच नाही अजून. इंजेक्शनं चालू आहेत. आईचा चीक थेंबभर तोंडात लावला तरी मदत होईल."

चीक कुठला? तो माझ्या आईने आधीच पिळून टाकला होता. विचारलं तर म्हणाली, "पयला चीक जड ऱ्हातो. आपल्यात देतच न्हाईत." तोवर बीपी वाढून वहिनी बेशुद्ध, दूध बंद. आईचा इतका राग आला की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मला रजा मिळाली नाही. संध्याकाळी जालन्याला पोचले तर सिस्टर म्हणाली, "ताई, सकाळी चीक दिल्ता ना तुम्ही, तो लावून राह्यलो आम्ही. पोरगी बरी दिसून राह्यली."

"मी? मी आत्ता येतेय परतूरहून."

"तुम्हीच तर आल्त्या. सही बी केली."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या कुणाचा तरी लावला असणार आणि आता सारवासारव चाललीय, दुसरं काय! रजिस्टर मागवलं. अकराची नोंद, पुढे सही... माझी. उजेडात नेऊन पाहिली, माझीच. आईवर संशय घ्यावा तर तिला अक्षरओळख नाही. कॅमेरा म्हणे महिन्यापासून बंद. आणि अकराला मी ऑफिसात साहेबांसमोर उभी होते.

फ्रिजमधल्या वाटीत चमचाभर शिल्लक होता. पिवळा, घट्ट. सिस्टर म्हणाली, "तुमचा नसल तर फेकून देते मंग."

पेटीत पोरगी अजूनही धापा टाकत होती. मला रडू आलं. मी म्हटलं, "राहू द्या. मीच दिला."

ती वाचली. डॉक्टर म्हणतात इंजेक्शनांनी, असेलही. आता अंगणवाडीत जाते. ती सही कुणाची, चीक कुणाचा, मला आजही माहीत नाही. एवढ्या सह्यांवर हरकत घेतली, पण ही खोटी म्हणायची हिंमत होत नाही. म्हटलं तर दिलेलं कुणी परत मागायला येईल, अशी भीती वाटते.