फोन वहिनींना द्या

माझी बायको मशीन दुरुस्त करत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात कुणालाही विचारलंत तर उलटंच ऐकायला मिळेल. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात मी अजून पाहिलेला नाही. मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांची पोटं उघडतो तो मी. दुकान माझं, पाटीवर नाव माझं, वाकून वाकून धरते ती पाठही माझीच. आणि लोक म्हणतात, "वहिनींचं दुकान."

सुरुवात साधीच झाली. ती दुकानात डबा घेऊन आली होती, माझे हात ग्रीसने माखलेले होते आणि फोन वाजत होता. तिने उचलला. तेव्हापासून तो फोन तिचाच झाला. पलीकडच्या बाईंच्या मशीनमधलं पाणी निघत नव्हतं. मी आतूनच ओरडलो, "पंप गेला असेल. येतो म्हणावं."

हिने मात्र विचारलं, "काल काय काय धुतलंत?"

इतर कपड्यांबरोबर मुलाच्या पँटी धुतल्या होत्या. खिसे कुणी तपासले नव्हते. मग हिने त्यांना मशीन बंद करायला सांगितलं, खाली फडकं पसरायला लावलं, पुढचं छोटं झाकण हळूहळू फिरवायला लावलं. आतल्या जाळीत गोट्या अडकलेल्या. तोवर मी हेल्मेट घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभा होतो.

"जाऊ नका, झालं चालू," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

मशीनला तिथे जाळी असते हे तिला कुणी सांगितलं होतं? मीच, जेवताना. आता तो शहाणपणा तिच्या नावावर जमा झाला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी यंत्राला विचारतो, ती घराला विचारते. फ्रिज गार होत नाही म्हटलं की मी कॉम्प्रेसरपाशी जातो. ही विचारते, "पाहुणे आलेत का घरी?" आलेले असतात. गादी टाकायला जागा हवी म्हणून फ्रिज मागे भिंतीला टेकवलेला असतो. मिक्सर अचानक बंद पडला की म्हणते, "उलटा करा, खाली लाल बटण आहे, ते दाबा. आणि इतकं ठासून भरू नका हो." मशीन थरथरत असेल तर फोन मशीनजवळ धरायला सांगते, डोळे मिटते आणि मग विचारते, "एकटीच जाड चादर टाकलीत ना?" टाकलेली असते. मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा फार राग येतो.

एकदा मी ठरवलं, हिला खोटी पाडायचीच. एका काकूंना हिने फोनवर सांगितलं होतं, की फ्रिजच्या आतल्या भिंतीला चिकटून ठेवलेलं मोठं पातेलं पुढे ओढा, तिथून गार हवा येते, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघा. मी संध्याकाळी न बोलावता त्यांच्या दारात हजर. "गॅस कमी झाला असणार," मी म्हणालो. काकूंनी फ्रिज उघडून दाखवला. आतल्या बाटल्यांवर दव जमलं होतं. "वहिनींनी सांगितलं तसं केलं. तुम्ही आलाच आहात तर चहा घ्या," त्या म्हणाल्या. चहा घेऊन परत आलो. साखरही कमी होती.

कहर केला माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. नवीन मशीन घ्यायची म्हणून त्याने फोन केला. मी मोटर, ड्रम, वॉरंटी असं मनापासून समजावत होतो. मध्येच तोडून म्हणाला, "दादा, ते सगळं ठीक आहे. जरा वहिनीला दे ना."

अशात चौकातला शोरूमवाला दुकानात आला. लोक चमचमाट बघून मशीन नेतात आणि आठवड्यात भांडायला येतात, हे त्याचं दुखणं. घर विचारून मशीन निवडून देणारं माणूस त्याला हवं होतं. "वहिनी, आधी चार दिवस येऊन बघा. मग नक्की सांगा," तो म्हणाला.

हिने माझ्याकडे बघितलं. "अहो, पण इथलं कसं चालेल? फोन कोण घेणार?"

नेमकं तेच बोलायचं होतं का तिने? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी घेईन. खुशाल जा," मी म्हणालो. शोरूमवाला माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करून गेला. आता दुकान पुन्हा माझं, फोन माझा, गिऱ्हाईक माझं. मी शीळ घालत फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

फोन वाजला.

"वहिनी आहेत का?"

"नाहीत. काय झालंय ते मला सांगा."

"असू द्या. त्या आल्या की करते."

सगळे असेच. एका आजोबांना मी मशीनचा ड्रम टांगून धरणारा सस्पेन्शन रॉड म्हणजे काय ते अगदी सोपं करून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, फोन वहिनींना दे." माझ्या डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे आहेत.

तिसऱ्या दिवशी मी शटर अर्धं ओढून चौकात गेलो आणि काचेतून डोकावलो. एक वयस्कर जोडपं पुढून दार उघडणारी मशीन बघत होतं. हिने ड्रममध्ये एक ओला टॉवेल टाकला आणि आजींना तो वाकून काढायला लावला. आजी गुडघा धरून उठल्या. तेव्हा हिने त्यांना वरून झाकण उघडणाऱ्या मशीनपाशी नेलं. सगळे हसत होते. शोरूमवाल्याने स्वतः हिच्यासाठी गादीचं स्टूल सरकवलं. माझ्याकडे ती एका उपड्या ड्रमवर बसायची आणि कधी तक्रार करायची नाही. मला शोरूमवाल्याचा राग आला, आजींचा आला, त्या स्टुलाचासुद्धा आला. तिथे ती जितकी हसली, तितकी माझ्या दुकानात हसल्याचं मला काही केल्या आठवेना.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती इस्त्री करत होती. मी पेपर उघडून बसलो होतो.

"दुकान कसं चाललंय?"

"जोरात."

"फोन येतात का हो?"

"उसंत नाही. एकेकाला असं समजावतो की बोलायची सोय नाही."

"माझं नाव काढतं का कुणी?"

'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ते गादीचं स्टूल डोळ्यांपुढे आलं. "तुझं? कोण काढणार? लोकांना काम झाल्याशी मतलब."

तिचा हात थांबला. मग तिने कॉलर सरळ केली आणि हळूच म्हणाली, "बरं झालं. उद्या त्यांना कळवायचं आहे. मी नाहीच म्हणणार होते. लोक चांगले आहेत तिथले, पण माझं सगळं लक्ष आपल्या दुकानात. म्हटलं, तुमचं अडत असेल. आता काळजी मिटली. हो सांगून टाकते."

मी पेपर खाली ठेवला. अडतंय गं, सगळं अडतंय, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दुकानातून घरी आणलेला मोबाइल टेबलावर वाजला. मी झडप घालून उचलला. पलीकडचा आवाज खणखणीत होता. "वहिनी आल्या का हो परत? सकाळपासून मशीनमध्ये कपडे भिजत पडलेत."

"राँग नंबर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तिने माझ्याकडे बघितलं. फोन लगेच पुन्हा वाजू लागला. तिने इस्त्री उभी करून ठेवली, हात पदराला पुसला आणि फोनसाठी माझ्यापुढे केला.

मी फोन बंद केला आणि खिशात घातला.