गेटाबाहेरचं स्टूल

सुदाम गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. चिंचवडच्या स्टॉपवर तो रोज चढायचा, म्हणून शेजारच्या जागेवर मी रुमाल टाकून ठेवला होता. चढला तो त्याचा शेजारी. "सुदामभाऊ गेले राव... पहाटे, झोपेतच," एवढं म्हणून तो मागे जाऊन बसला. पिंपरी येईपर्यंत रुमाल तसाच होता. मला तो उचलवेना.

कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला निवडलेल्या आम्हा चौघांत सुदाम सगळ्यात हुशार आणि सगळ्यात टापटीप. त्या खोलीत चपला काढूनच शिरायचं, हा नियम त्याचाच. देवळात तरी लोक इतकं सोवळं पाळत नसतील, अशी आम्ही त्याची टर उडवायचो. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत यायची मुभा. सुदामची आई कुरुळीहून आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. लेथला, प्रेसला हळदकुंकू वाहत ती आमच्या खोलीत पोचली, चपला बाहेर काढून. सुदाम साहेबांशी दोन शब्द बोलायला वळला, तेवढ्यात माउलीनं आपलं काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू होईना. बटण दाबलं की थोडी घरघर, मग मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर एकच ओळ उमटायची, डिस्क तयार नाही. सुदामनं डिस्क बदलली, केबली काढून पुन्हा लावल्या, सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली... पुन्हा तीच ओळ. स्टोअरमधली माणसं हेलपाटे घालू लागली, कारण आमच्या याद्यांवाचून तिथून सुटे भाग निघेनात. दुपारी मुंबईहून इंजिनीअर आला. त्यानं डिस्कच्या पेटीचं झाकण उचलून कडेनं बोट फिरवलं. खाचेत तांदळाचे दोन दाणे होते, कुंकू लागलेले. झाकण बंद दिसायचं, पण पुरतं बसत नव्हतं, आणि ते नीट बसल्याशिवाय मशीन हलणार नव्हतं.

"कोण अडाणी इथं पूजा करून गेला?" इंजिनीअर हसला. आम्हीही हसलो. सुदामचे कान लाल झाले.

"आले असतील कुणी पाहुणे," तो म्हणाला.

मशीन सुरू झालं. आई अजून त्याच्याकडेच मुक्कामाला होती. घरी जाऊन मात्र तो तिच्यावर खेकसला. तिचं म्हणणं एवढंच, "समद्या मशिनींला अक्षता टाकल्या, तुजंच तेवढं उपाशी कसं ठिवू?"

पुढच्या दसऱ्याला ती आली, पण गेटाशीच थांबली. "मी हितंच बरी हाय. माज्या हातानं पुन्ना काय बिघडाया नगं." वॉचमननं तिला स्टूल दिलं. पूजा होईपर्यंत ती त्यावर बसून राहिली, मांडीवर लेकासाठी आणलेला डबा घेऊन. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती वारली.

तिच्या दहाव्याला सुदाम मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला मी आत चल म्हणालो, पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ती उठली असती... ठाऊक होतं मला, म्हणूनच नाही म्हटलं. मला तिची लाज वाटली राव. आता माझी मलाच वाटते."



तेव्हापासून दर दसऱ्याला आत पूजा चालायची आणि सुदाम गेटाबाहेर. वॉचमन तेच स्टूल आणून ठेवायचा. सुदाम त्या स्टुलाशेजारी उभा. पुढे खात्याचा साहेब झाला, पण त्यावर बसला कधी नाही. साहेब कुणाची वाट बघतात, असं नवी पोरं विचारायची, आणि आम्ही विषय बदलायचो. शरम काही त्याची एकट्याची नव्हती. त्या दिवशी हसणारे आम्हीच होतो.

यंदाचा दसरा गेल्या आठवड्यात झाला. पूजा सुरू झाल्यावर मी गेटावर गेलो. वॉचमननं सवयीनं स्टूल बाहेर मांडलं होतं. "सायेब न्हाईत, ध्यानातच ऱ्हायलं न्हाई," तो ओशाळून म्हणाला आणि ते उचलायला वाकला. "असू दे," मी म्हणालो. आत नारळ फुटला. आम्ही दोघं स्टुलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. बसलं कुणीच नाही.