बन्सी शेजूळ यांचा उजवा खुबा

आमच्या वरच्या मजल्यावरचे बन्सी शेजूळ खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. दूधवाल्यानं चुकून एक पिशवी जास्त टाकली, तर ती परत द्यायला गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा माणूस. अशा माणसानं तीन महिने, आठवड्यातून दोनदा, माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलावं आणि तीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडलेल्या मी गप्प बसावं, याचा मला अजून राग येतो. त्यांचा कमी, माझा जास्त.

वाळूजच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं प्रेसवर उभे होते. उजव्या पायानं पेडल दाबायचं, पत्रा कापला जायचा, पुन्हा पेडल. दिवाळीनंतर उजवा खुबा धरला. डॉक्टरांनी फोटो काढून झीज सांगितली. कंपनीनं तीन महिने बसून करायचं काम दिलं आणि बजावलं, मार्चच्या अठरा तारखेला तंदुरुस्तीचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा. म्हणून ते उस्मानपुऱ्यात आमरीनकडे फिजिओथेरपीला यायला लागले. शेजारच्याच कॉटवर माझा गुडघा शेकला जायचा.

आमरीन माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाची, पण कामाला पक्की. पाठीवर झोपून कंबर उचलायची, कुशीवर वळून गुडघा उघडायचा, घरी रोज दोनदा. आणि दर खेपेला तिचा एकच प्रश्न. "काका, दहापैकी किती दुखतं? खरं सांगा हां, त्याच्यावरच मी पुढचं ठरवते. सकाळपर्यंत कळ राहिली तर व्यायाम बंद आणि मला फोन."

पहिल्या दिवशी ते सात म्हणाले. मग पाच. जानेवारीत तीन. आमरीन खूश झाली. तिनं आधी पायाला रबरी पट्टा बांधला, मग वाळूची पिशवी, मग पायरीवर चढउतार सुरू केली.

पण जिना माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. डिसेंबरात बन्सीभाऊ नेहमीसारखे चढायचे, जरा सावकाश इतकंच. फेब्रुवारीत प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकू लागले आणि मध्येच बराच वेळ काही ऐकू येईना. मी हातातलं लाटणं थांबवून वाट बघायची. मोटारसायकलवर बसताना ते उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकायचे. क्लिनिकला निघताना त्यांची बायको मुक्ताबाई खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधायची आणि कुणी बघत नाही ना, म्हणून आजूबाजूला नजर फिरवायची. हे तीन असेल, तर माझंच गणित कच्चं म्हणायचं.

एका दुपारी मी त्यांना जिन्यात गाठलं. "बन्सीभाऊ, त्या पोरीला खरं का सांगत नाही?"

"बाई, आमच्याकडं मशीन खडखडली तरी सायबाला कुणी सांगत नाय," ते म्हणाले. "सांगितलं की मशीन बंद, अन् मशीन बंद झाली की माणूस बाजूला. चालवून घ्यायचं असतं. अठरा तारखेपस्तोर चालवून घेतो की."

"अहो, ते पायाचं हाड आहे."

"मॅडमला काय बोलू नका. पाया पडतो तुमच्या." आणि खरोखर वाकायला गेले. निम्म्यावरच अडकले, जांघ दाबून धरली, तोंडाचा रंग उडाला. मी घाबरून हो म्हणाले.

सोळा मार्चला शेवटची तपासणी होती. उजव्या एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं. मुक्ताबाई दाराशी पदर धरून उभी.

"काका, दुखणं?"

"शून्य, मॅडम."

आमरीन मोजू लागली. दहाला त्यांच्या कपाळावर घाम आला. वीसला हनुवटी थरथरायला लागली. 'थांबव गं,' एवढंच मला ओरडायचं होतं. मी गुडघ्यावरची शेकायची पिशवी घट्ट धरून बसले. तीस झाले. आमरीननं टाळी वाजवली आणि दाखला लिहायला पाठ वळवली.

"मॅडम," बन्सीभाऊ हळू आवाजात म्हणाले, "डावा टेकला, पण उजवा उचलत नाय." मग ते भिंतीवरून घसरत खाली आले. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

"कधीपासून दुखत होतं?" आमरीननं विचारलं. मुक्ताबाईच रडत म्हणाली, "एक दिस बी थांबलं नव्हतं, मॅडम."

खुब्याशी हाड तुटलं होतं. आधी बारीक चीर असणार, महिनाभर जुनी, असं दवाखान्यात सांगितलं. तेव्हाच आराम दिला असता, तर ती जुळून यायची आशा होती. आता ऑपरेशन, आणि प्रेसवर पुन्हा उभं राहणं विसरा.

बाहेरच्या बाकड्यावर आमरीन माझ्याशेजारी बसली. डोळे लाल झाले होते. "बाई, काका सात म्हणाले तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या नावानं पत्र लिहून ठेवलं होतं. यांना कायमचं बसूनच काम द्या म्हणून. मग ते पाच म्हणाले, तीन म्हणाले. मला वाटलं, गरज नाही. पाठवलंच नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही तर त्यांच्या खालीच राहता," ती म्हणाली. "तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

"नाही गं," मी म्हणाले.