प्रभूसाठी राखलेली खाट

आमच्या भाऊजींच्या घराची बेल वाजवायला छाती लागायची. बेल वाजली की आतून आधी धावत्या पावलांचा आवाज यायचा, मग घसा खाकरल्याचा, मग गळ्याचं बटण लावण्यापुरती शांतता, आणि मग दार उघडायचं. दारात पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि उजळलेला चेहरा. समोर मी दिसलो की तो चेहरा खाडकन उतरायचा. "तू होय," म्हणायचे आणि वळायचे. बायकोच्या भावाला पाहून कोणाचाही चेहरा थोडा पडतोच, म्हणून मी मनाला लावून घेत नसे. दूधवाल्याचं स्वागत असंच व्हायचं, मीटर बघायला येणाऱ्याचंही असंच. भाऊजी प्रभू येशूची वाट पाहत होते, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे तो कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी, रीतसर बेल वाजवून येणार होता.

दार त्यांनीच उघडायचं, हा घरचा कायदा. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, एकदा उघडलं तर दोन दिवस अबोला झाला. भाऊजींची लॉन्ड्री होती. पुढे रस्त्यावर दुकान, मागे घर. दुकानात इस्त्री फिरवत असले तरी बेल ऐकली की मधल्या दाराने पळत यायचे, आणि इस्त्री राहायची कपड्यावर. आमच्या भागातल्या निम्म्या शर्टांवर जे तपकिरी त्रिकोण आहेत, ते सगळे दूधवाल्याच्या आगमनाचे आहेत. गिऱ्हाईक भांडायला आलं तर भाऊजी शांतपणे म्हणायचे, "जळलेला शर्ट दिसतो तुम्हाला. स्वतःचा आत्मा कुठे जळणार आहे, ते बघितलंत का?" गल्लीत त्यांना 'कडक' म्हणत. ते कांजीमुळे की स्वभावामुळे, हे कोणी स्पष्ट केलं नाही.

घरातली दर्शनी खोली प्रभूची. हवेशीर, दोन खिडक्यांची, जमिनीलगत. तिथे एक खाट, खाटेवर कांजी घातलेली पांढरीशुभ्र चादर, उशाशी घडी केलेला टॉवेल, आणि पायाशी नव्याकोऱ्या चपला. प्रभूच्या पायाचं माप कुठून मिळालं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ताईने मला घाईघाईने स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. त्या खाटेवर कधीच कोणी झोपलेलं नव्हतं, तरी दर शनिवारी तिची चादर बदलायची, धुवायची, गच्चीवर वाळवायची. संसार मात्र मागच्या काळोख्या खोलीत चालायचा, भांडी आणि अंथरुणं एकमेकांच्या अंगावर टाकून.

चर्चच्या मंडळीत या खोलीचा केवढा मान! पाळकसाहेब बाहेरगावचे पाहुणे घेऊन ती दाखवायला यायचे. पाहुणे चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून खाटेकडे पाहायचे आणि चहा पिऊन जायचे. पण तेच पाळकसाहेब "अमुक घरी आजारपण आहे, जरा जाऊन बसाल का?" असं म्हणाले की भाऊजी हात जोडायचे. "मी घर सोडून कसा येऊ? मी नसताना तो आला तर?" बाराही महिने सगळ्या कामांतून सुटका देणारी अशी भक्ती मी दुसरी पाहिली नाही. एका रविवारी प्रवचन झालं, की प्रभूची वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, बाह्या वर करून कामाला लागणं. भाऊजींनी खणखणीत "आमेन" म्हटलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा नेमका पेंगत होतो.

त्यांची थोरली बहीण, आक्का, वरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. मागच्या अंगणातून वर जाणारा लोखंडी जिना इतका अरुंद की बादली घेऊन चढायचं तर अंग आडवं करावं लागे. आईबाप गेले तेव्हा भाऊजी लहान होते. आक्काने घरोघरची धुणी धुऊन त्यांना वाढवलं. पहिली इस्त्री तिने आणली, दुकान तिने उभं केलं. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर पदरात आहे. दुसरं कुठे सांभाळू?" ते पोर म्हणजे आमचे भाऊजी. ते मोठे झाले, त्यांना आत्मिक दृष्टी आली, आणि आक्का पत्र्याखाली गेली.

एका शनिवारी गच्चीवरून प्रभूची वाळलेली चादर घेऊन उतरताना आक्काचा पाय निसटला. खुब्याचं हाड मोडलं. पडतानाही तिने चादर वर धरली होती, मातीचा कण लागू दिला नाही. भाऊजी धावत आले. आधी त्यांनी चादर घेतली, मग आक्काचा हात धरला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या क्षणी मला त्यांचा एवढा राग आला की शेजारची बादली उचलून डोक्यात घालावीशी वाटली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, जिना विसरा. रोज उठवा, उभं करा, चालवा. नाहीतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळतील. भाऊजींनी लगेच गावाबाहेरचं एक सेवागृह शोधून काढलं. "चांगली माणसं आहेत तिथे," ते म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते."

आक्काला ते सेवागृह माहीत होतं. तिथल्या चादरी आपल्याच लॉन्ड्रीत धुवायला यायच्या, आणि ती त्या पोचवायला जायची. मला जवळ बोलावून म्हणाली, "तिथल्या म्हाताऱ्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात रे. उठवायला कोणी येत नाही. मला तिथे नका टाकू." आक्का कधी काही मागायची नाही. हे एवढंच मागितलं.

ताई भाऊजींना म्हणाली, "दर्शनी खोली आहे की."

"ती दिलेली आहे."

"दिली असेल. राहायला तर कोणी आलं नाही अजून."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"माझ्या जिभेचं राहू द्या. तुमच्या बहिणीचं मोडलंय."

भाऊजी ऐकेनात. मग ताईने त्यांना न विचारता हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशी रुग्णवाहिका सरळ घरी आणवली. बरोबर मी होतो. बेल मीच वाजवली. धावती पावलं, खाकरणं, बटण, आणि दार उघडलं. समोर स्ट्रेचर, स्ट्रेचरवर आक्का, दोन्ही टोकांना घामाघूम झालेली माणसं.

"कुठे ठेवायचं?" पुढच्याने विचारलं.

"वर," भाऊजी म्हणाले.

तो स्ट्रेचरचं टोक माझ्या हातात देऊन जिना बघून आला. "त्या जिन्यात स्ट्रेचर वळायचं नाही, साहेब. मांजर वळलं तरी नशीब."

"मग सेवागृहात."

"आत आणा," ताई आतून ओरडली, "खाटेवर ठेवा."

भाऊजींनी दोन्ही हात पसरून चौकट अडवली. "त्या खाटेवर नाही! तो आला तर?"

रस्त्यावर बघे जमले. स्ट्रेचर धरणारे पाय बदलायला लागले. तेव्हा आक्का पडल्या पडल्या बोलली.

"अरे, तो आला की मी उठते. तोवर पडू दे."

"तुला उठता येणारे का?"

"नाही आलं तर तो उठवेल. लंगड्यांना उठवायची त्याला पहिल्यापासून सवय आहे. तू का त्याची काळजी करतोस?"

भाऊजींचे हात खाली आले, आणि स्ट्रेचर आत गेलं.

त्यांचं मन द्रवलं असं कोणी समजू नये. त्यांनी अट घातली: बेल वाजली की आक्काला उठवायचं, खुर्चीत बसवायचं, चादर बदलायची, मगच दार उघडायचं. खाट क्षणात रिकामी झाली पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. ताई बिचारी हातातली भाजी टाकून बाहेर जायची आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायची. भाऊजी आक्काला धुण्याच्या बोचक्यासारखं उचलायला जायचे आणि आक्का असा टाहो फोडायची की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची.

मग व्यायाम शिकवणाऱ्या बाई हॉस्पिटलमधून आल्या. काखेत हात कसा घालायचा, भार चांगल्या पायावर कसा द्यायचा, हे त्यांनी दाखवलं. "दिवसातून किती वेळा उठवता?" त्यांनी विचारलं.

"बेल वाजेल तेवढ्या वेळा," भाऊजी म्हणाले. बाईंना काही कळलं नाही, पण त्या खूश होऊन गेल्या.

काही दिवसांनी आक्काने नवीन टूम काढली. "मी प्रभूला खुर्चीत बसून भेटणार नाही. बरं दिसत नाही ते. दारापर्यंत ने मला." भाऊजींना हे पटलं, आणि खाटेपासून दारापर्यंतची तालीम सुरू झाली. पहिल्यांदा चादर खराब झाली तेव्हा त्यांनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून नेली होती; पुढे बोळा करून काखोटीला मारून न्यायला लागले. शनिवार मागे पडला. लागेल तेव्हा चादर बदलायची. मग एक दिवस कांजी बंद झाली, कारण कडक चादरीने आक्काची पाठ सोलवटत होती. हे मला भाऊजींनीच सांगितलं, तेही असं वैतागून, की जणू इतके दिवस चादरी मीच कडक करत होतो.

परवाच्या रविवारी मी गेलो तर दारात पाळकसाहेब उभे, बरोबर बाहेरगावचे पाहुणे. खोली बघायला आले होते. मी बेल वाजवली.

पावलं धावली नाहीत. कोणी खाकरलं नाही. आतून फक्त आवाज आला, "थांबा!"

आम्ही थांबलो. पाहुणे घड्याळ बघायला लागले. पाळकसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "मी आलोय म्हणून सांगा ना."

मी दाराला तोंड लावलं. "भाऊजी, ओळखा बघू कोण आलंय!"

"कोणी का असेना," भाऊजी आतून खेकसले, "थांबायला सांग त्याला! आक्काचा पाय नव्या चपलेत जात नाहीये."

पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. ज्या माणसाने या बेलपायी निम्म्या गावाचे शर्ट जाळले, त्याने आज बाहेर कोण आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं. आतून आक्काचा आवाज आला, "हळू रे, अंगठा दुखतोय," आणि मग जमिनीवर प्रभूच्या नव्याकोऱ्या चपला घासल्याचा आवाज दाराच्या दिशेने यायला लागला.