उलट्या पावलांचा शॉट आणि आमचे भाऊजी

भाऊजी उलट्या पावलांनी जिना उतरले आणि तिसऱ्या दिवशी गेले.

आज वर्ष झालं.

मला अक्षर येत नाही. बोलतेय मी, मोबाइलवर लिहितेय माझी नात मृण्मयी. अकाउंट तिचं, शब्द माझे. शिव्या घालायच्या तर मला घाला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. करी रोडच्या आमच्या चाळीत दोघांची दारं समोरासमोर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हाफ चड्डीत होते. त्यामुळे त्यांची चेष्टा करायचं लायसन माझ्याकडे कायमचं.

मृण्मयीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ करायचा होता. रॅप तिच्या मैत्रिणीचा, विषय आमचीच चाळ. टॉवर येणार, माणसं जाणार.

"गाणंच हवं तर आपलं भजनी मंडळ आहे की," मी म्हटलं.
"आजी, हिप-हॉप आहे गं!"

रविवारी दुपारी तिने जिन्यातल्या बल्बला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला. आमचा जिना दिवसाही काळोखा. त्या लाल उजेडात रोजच्या शेजाऱ्यांची तोंडं बघवेनात.

मग तिने युक्ती सांगितली.
शेजाऱ्यांनी नेहमीसारखा जिना चढायचा. भाऊजींनी त्याच वेळी, तोंड वरच्या बाजूला ठेवून, मागे मागे उतरायचं.
नंतर कॉम्प्युटरवर अख्खा शॉट उलटा चालवायचा. म्हणजे भाऊजी सरळ चढताना दिसणार आणि बाकीचे सगळे मागच्या मागे खाली जाताना.

"भाऊजी, उलट्या पावलांचं कोण असतं, माहितीय ना?" मी दारातून ओरडले. "तसे आलात तर दार उघडायची नाही मी."

सगळे हसले. भाऊजी सर्वांत जास्त.

नऊ टेक झाले. दर वेळी उलटं उतरायचं आणि पुन्हा तीन मजले चढून वर यायचं.

सातव्या टेकनंतर ते माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. शर्ट घामाने चिकटलेला.

"काय हिरो, दमलात?"
"वैनी, डावो हात जड झालो. पोरीक सांगू नकात. शूटिंग बंद करतली."

मी म्हटलं, पित्त असेल. आल्याचा रस दिला.
आणि पोरीला सांगितलं नाही.

ते उठले. आणखी दोनदा उतरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने लॅपटॉपवर शॉट दाखवला. अजून गाणं लावलं नव्हतं. नुसतं चित्र.
लाल जिन्यातून अख्खी चाळ मागे मागे खाली चाललेली, कुणी केसाला धरून ओढत नेल्यासारखी. एका पायरीवर सांडलेलं पाणी उठून परत बादलीत जात होतं.
वर येत होते ते फक्त भाऊजी.

ते लॅपटॉपकडे वाकले. मग म्हणाले,
"वैनी, सगळे गेले. मी एकटोच रवलंय."

मला चेष्टा सुचली नाही. जन्मात पहिल्यांदा.

मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते कलंडले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, काही त्रास सांगितला होता का त्यांनी?
मी मान हलवली. नाही म्हणून.

बाराव्याला एक बाई मृण्मयीच्या तोंडावर बोलली, "म्हाताऱ्याला जिन्यात नाचवलंस ना!"
पोरीने मान खाली घातली. मी शेजारीच बसले होते. एवढी लांब जीभ माझी, तेव्हा हलली नाही.

त्या दिवसापासून तिने कॅमेरा हातात घेतला नाही. प्रोजेक्ट दुसराच करून दिला. आमचा जिना चढताना ती अजून भिंतीकडे बघत चढते.

म्हणून आज सांगते.
भाऊजींचा हात जड झालाय, हे तिला माहीत नव्हतं.
मला होतं.

एवढं बोलले आणि तिचा अंगठा थांबला.

"आजी, खरं?"
"लिही."
"वर्षभर बोलली नाहीस तू?"
"लिही म्हटलं ना. हेपण लिही. आणि तो व्हिडिओ खाली जोड."

ती रडतेय. लिहितेय की नुसतीच मोबाइल धरून बसलीय, मला कळायला मार्ग नाही.
तुम्ही हे वाचत असाल, तर तिने लिहिलंय.

भाऊजी, तुमचं ऐकलं, तिथे चुकलं माझं.
वहिनीचा नमस्कार घ्या.