तळ दिसणारं पाणी

हॉलंडमध्ये उइटहॉर्न गावी असताना मी एक ट्रायथलॉन पूर्ण केली होती, हे मी नव्या ओळखीत फार लवकर सांगते. एका सकाळी पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही पाठोपाठ. त्यानंतर मात्र लायडनची नोकरी, थंडी आणि डावा गुडघा अशी कारणं जमत गेली आणि माझी सायकल शेडमध्ये बागेच्या खुर्च्यांच्या मागे जाऊन बसली.

मग नवऱ्याला बोनेरवर काम मिळालं. हे बेट कॅरिबियन समुद्रात असलं तरी देश तोच, नेदरलँड्स. सासूबाईंना फोनवर हे समजावताना नवऱ्याचा अर्धा तास गेला. विमानात इतके तास बसूनही माणूस त्याच देशात कसा राहतो, हे त्यांना पटेना. मी नोकरी सोडून आले होते, थंडी मागेच राहिली होती आणि गुडघाही उबेत गप्प झाला. कारणंच उरली नाहीत, म्हणून मी पुन्हा सराव सुरू केला.

सायकलने पहिल्याच दिवशी फसवलं. मी इतक्या वेगात निघाले की आपण अजून तरुण आहोत अशी माझी खात्री पटली. परत वळल्यावर कळलं की तो वेग वाऱ्याचा होता. हॉलंडमधला वारा निदान दिशा बदलतो. इथला रोज पूर्वेकडूनच येतो, रजा न घेता. येताना एक गाढव माझ्या बाजूने चालत होतं. बेटावर मोकाट गाढवं पुष्कळ आहेत. ते चालतच होतं आणि मी सायकलवर असूनही बराच वेळ आम्ही बरोबर होतो.

पण खरी पंचाईत पाण्यात झाली. आमची शेजारीण डच, सत्तरीची, आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवून निवृत्त झालेली. मी ट्रायथलॉन केलीय हे तिलाही मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी ती मला समुद्रावर घेऊन गेली.

उइटहॉर्नजवळच्या तळ्याचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यात स्वतःचा पंजासुद्धा दिसायचा नाही. खाली काय आहे हे दिसत नसल्यामुळे मी बिनधास्त पोहायचे आणि त्यालाच धाडस समजायचे. इथं मात्र काचेसारखं स्वच्छ पाणी. थोडं अंतर गेल्यावर प्रवाळाचा तळ एकदम खाली उतरला आणि माझ्या पोटाखाली नुसता निळा रंग उरला. दहाव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघावं तसं वाटलं, फक्त गॅलरी नव्हती. मी शेजारणीच्या कमरेला सुरक्षेसाठी बांधलेला नारिंगी, तरंगता फुगा दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही.

तेवढ्यात एक लांब, चंदेरी मासा आमच्या शेजारी येऊन थांबला. खालचा जबडा पुढे आलेला, दात दिसणारे. तो हलेना. मी शेजारणीला म्हटलं, तो माझ्याकडे बघतोय.

"तुझ्याकडे नाही," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात चमकतंय त्याच्याकडे. त्याला तो छोटा मासा वाटतोय."

माझ्या गळ्यात बारीक मंगळसूत्र होतं. समुद्रात पाय मारत, फुगा धरून, मोडक्या डचमध्ये मी तिला मंगळसूत्र म्हणजे काय ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ते किनाऱ्यावर ठेवून ये असं सुचवलं.

किनाऱ्यावर नवरा घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसला होता. मी मंगळसूत्र त्याच्या हातात दिलं आणि परत पाण्यात गेले. आदल्याच आठवड्यात त्याने घराची किल्ली वाळूत हरवली होती. या वेळी धोका नको म्हणून त्याने ते सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं.

मी परत आले तेव्हा तो उघड्या अंगाने, गळ्यात मंगळसूत्र, एका हातात अर्धं केळं आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसला होता. फोनवर पुण्याहून सासूबाई होत्या, चेहऱ्यासकट. त्याला गळ्यात काय आहे याचा विसर पडला होता. सासूबाईंना पडला नव्हता. मी कुठे आहे असं त्यांनी विचारलं. समुद्रात, असं तो म्हणाला.

"आणि तू असा तिची वाट बघतोयस," सासूबाई म्हणाल्या. "मग केळं कशाला खातोस? उपास तरी धड कर."

मी ओल्या अंगाने वाळूत बसून हसत राहिले. वटपौर्णिमेला आता तो काय करणार, हा विषय पुण्याच्या घरात पुढे कित्येक आठवडे पुरला.

हळूहळू मला पाण्याची सवय झाली. तो दातवाला मासाही रोजचा झाला. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा तो सगळ्यांवर नजर ठेवायचा, करायचा काहीच नाही. काही महिन्यांनी बेटावर छोटी ट्रायथलॉन होती. शेजारणीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं.

पोहणं झकास झालं. सायकलच्या शेवटच्या टप्प्यात समोरून वारा आणि रस्त्यात गाढवांचं अख्खं कुटुंब, त्यामुळे धावायला लागले तेव्हा माझ्या मागे कोणीच नव्हतं. म्हणजे एक पिकअप होता. रस्त्यावरचे नारिंगी शंकू गोळा करत तो शेवटच्या स्पर्धकामागून येतो. माझ्यामुळे त्याचं काम अडलेलं होतं.

चालवणारा बेटावरचाच, पन्नाशीचा माणूस. त्याने खिडकीतून डचमध्ये विचारलं, बसतेस का? मी नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, कुठली तू? मी धापा टाकत सांगितलं, पुणे, मग उइटहॉर्न. दोन्ही त्याने ऐकलेली नव्हती. तिकडे, हॉलंडमध्ये, मी डच बोलायला तोंड उघडलं की समोरचा लगेच इंग्रजीवर यायचा. हा आला नाही. त्याची घरची भाषा वेगळी, त्यालाही डच शाळेत शिकावं लागलं होतं आणि माझ्या चुका त्याच्या लक्षात येत नसाव्यात, किंवा त्याला त्यांचं काही वाटत नसावं. त्याच्या बायकोचा गुडघा, माझा गुडघा, बकरीच्या मटणात आम्ही काय घालतो, सगळं बोलून झालं. चढावर माझा आवाज बंद झाला तेव्हा त्याने रेडिओ मोठा केला.

शेवटच्या रेषेवरची कमान लोक उतरवायला लागलेच होते. शेजारीण कमानीचा एक खांब धरून उभी होती, तो खाली घेऊ देत नव्हती. मी त्या खांबाच्या बाजूने आत गेले आणि रस्त्यातच बसले.

पिकअपवाला उतरला, माझ्या शेजारचा शेवटचा शंकू त्याने उचलला आणि विचारलं, "त्या मटणात खोबरं भाजून घालायचं की कच्चं?"

"भाजून," मी म्हटलं, "कांद्याबरोबर."